दोन दारांवरची रेघ

नितीन पगारेने गाडी घेतली ती कामावर जायला, आणि गाडी घेतल्यावरही तो कामावर जात राहिला मोटरसायकलनेच. यात काहीतरी चुकतंय हे त्यालाही कळत होतं, पण त्याला शास्त्रीय कारण होतं. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. हंगाम सुरू झाला की चिमणीतून बगॅसची, म्हणजे जळणाला वापरलेल्या उसाच्या चिपाडाची राख उडते आणि आवारातल्या प्रत्येक वस्तूवर बसते. राखेत सिलिका असते. सिलिका गाडीच्या रंगापेक्षा कठीण असते. तेव्हा राख बसलेल्या गाडीवरून कुणी नुसतं बोट जरी फिरवलं, तरी बारीक चरे पडणारच. म्हणून पुणतांब्याच्या घरासमोर, बदामाच्या झाडाखाली, कापडी खोळीत गाडी आराम करायची, आणि एम.एस्सी. झालेला तिचा मालक डोळ्यांत राख घेत मोटरसायकल हाणायचा.

गाडी नवी नव्हती. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांनी ती जपून वापरली होती. रंग गडद निळा, सावलीत काळा वाटणारा. पगारेंच्या घरात याआधी चार चाकांचं काहीच आलेलं नव्हतं. वडील रंगनाथ यांनी सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली, त्यामुळे चार चाकांत बसून जन्म गेला तरी एक चाकही आपलं नव्हतं, असं ते स्वतःच म्हणत. पण गाडी आल्यावर त्यांना तिच्यात शेंगा खायला बंदी झाली. आजी बनाबाईला मागच्या सीटवर बसवून एकदा शिर्डीपर्यंत फिरवून आणलं, तेव्हा ती पूर्ण रस्ता पाय वर घेऊन बसली होती. चप्पल तिने पिशवीत घातली होती. नितीनने तिला तसं सांगितलं नव्हतं. पण पाय खाली सोड, असंही म्हटलं नव्हतं.

नितीनची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते बनाबाईनेच, दुसऱ्यांच्या उसात खुरपणी करून. त्यामुळे तिच्याबाबतीत तो हळवा होता, म्हणजे गाडीच्या बाहेर.

गाडी चालवायला त्याला शिकवलं होतं गोरक्षने. गोरक्ष समोरच्या गल्लीतला, पहिलीपासून त्याच्या बाकावरचा. बारावीनंतर नितीन रसायनशास्त्राकडे गेला आणि गोरक्ष वडिलांच्या पेरूच्या बागेकडे. पण क्लच आणि गिअर म्हणजे काय, हे नितीनला पहिल्यांदा कळलं ते गोरक्षच्या ट्रॅक्टरवर, नांगरलेल्या रानात, जिथे धडकायला काही नव्हतं. तरी त्याने बांधावरची बाभळ शोधून काढली होती. गोरक्षने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तो गोरक्ष एका सकाळी अंगणात आला. रेश्माचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्या रविवारी होतं. पत्रिका आधीच देऊन झाली होती. तो म्हणाला, नवरीला सासरी लावून द्यायला तुझी गाडी दे, फुलं लावू चांगली. नितीन तेव्हा गाडीच्या काचा पुसत होता. त्याने विचारलं, फुलं कशाने लावणार? गोरक्ष म्हणाला, चिकटपट्टीने, सगळे लावतात तशी. नितीनने त्याला चिकटपट्टीच्या डिंकात काय काय असतं आणि उन्हात ते रंगाला कसं धरतं ते सांगितलं. गोरक्षने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे देतोस का न्हाई?"

"बघतो," नितीन म्हणाला.

घरात बनाबाई भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी नितीन कामावर गेला. रंगनाथ पेन्शनच्या कामासाठी राहात्याला गेले. दुपारी जयमाला आत्याचा जावई जीप घेऊन आला आणि बनाबाईला खर्ड्याला घेऊन गेला, आत्याचा गुडघा दुखत होता म्हणून चार दिवस मदतीला. हे सगळं आधीच ठरलेलं होतं. संध्याकाळी नितीन घरी आला, हातपाय धुतले, आणि रोजच्याप्रमाणे गाडीची खोळ काढली.

डाव्या बाजूला, पुढच्या दाराच्या मुठीखाली एक पांढरी रेघ सुरू होत होती. ती दार संपेपर्यंत गेली होती, दोन दारांमधली फट तिने ओलांडली होती, आणि मागच्या दारावर जवळजवळ चाकापर्यंत पोचली होती. सरळ. इतकी सरळ की पट्टी धरून काढल्यासारखी.

नितीन उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला, कारण बसून रेघ आणखी लांब दिसत होती. आपल्याला रडू येतंय की काय, अशी त्याला शंका आली, आणि ती खोटी ठरवण्यासाठी तो घाईघाईने टेप आणायला घरात गेला.

रंगनाथ बाहेर आले. त्यांनी अंगठ्याने रेघ घासून पाहिली.

"पुसून निघतंय का?"

"दादा, हात लावू नका. पुरावा आहे."

रंगनाथ हात मागे घेऊन गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी घेतली तवाच मला वाटलं हुतं." याचा अर्थ नितीनला माहीत होता. या गल्लीत पगारेंच्या दारात पहिल्यांदा सायकल आली, तेव्हा तिच्या दोन्ही चाकांत कुणीतरी बाभळीचे काटे घातले होते. रंगनाथांनी ती गोष्ट एकदाच सांगितली होती, आणि सांगून लगेच विषय बदलला होता. नितीनला वडिलांचं ते सगळं समजत होतं, पण ते पुराव्यात बसत नव्हतं. निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर, अशाने विज्ञान होत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. मग त्याने पुढचे काही दिवस जे केलं त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न वेगळा.

पहिलं निरीक्षण असं की हे अपघाताने झालेलं नाही. अपघाताची रेघ वाकते, कुठे खोल जाते, कुठे सुटते. ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी होती. दुसरं, काम झाल्यावर खोळ परत नीट घालून तिची नाडी बांधलेली होती. म्हणजे गुन्हेगार थंड डोक्याचा होता आणि त्याला गाडीची सवय माहीत होती. तिसरं, रेघ पुढून मागे ओढलेली होती. हे नितीनने भिंगातून रंगाच्या कडा पाहून ठरवलं आणि ठरवल्यावर त्याला बरं वाटलं. कशाबद्दल बरं वाटलं ते सांगता आलं नसतं, पण काहीतरी निश्चित झालं होतं.

त्याने टाल्कम पावडर आणि मऊ ब्रश घेऊन बोटांचे ठसे शोधले. सगळे त्याचेच निघाले. एक रंगनाथांच्या अंगठ्याचा होता, आणि त्यांना पुरावा बिघडवल्याबद्दल दुसऱ्यांदा ऐकून घ्यावं लागलं.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने फोटो टाकला. रेघेभोवती लाल गोल काढून लिहिलं, "हे कृत्य ज्याने केलं असेल त्याने स्वतःहून पुढे यावं." उत्तरादाखल एकाने हात जोडले, दोघांनी अंगठा दाखवला, आणि रामहरी शिंदे यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, कारण त्यांचा वाढदिवस होता. नितीननेही शेवटी शुभेच्छा दिल्या.

श्रीरामपूरच्या रंगाऱ्याने फोटो पाहून सांगितलं की दोन्ही दारं पूर्ण रंगवावी लागतील, आणि तरी रंग जुन्याशी तंतोतंत जुळेल असं नाही. नितीन तिथून उठला तो सरळ कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेला.

रेघेवर त्याने फेव्हिकॉलचा पातळ थर दिला होता. वाळल्यावर तो अलगद सोलून काढला, की रेघेचा हुबेहूब ठसा मिळतो. तो ठसा त्याने साखरेचे दाणे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रेघ ही रेघ नव्हतीच. ती ठिपक्यांची रांग होती. बारीक, गोल, एकमेकांना चिकटून बसलेले ठिपके, सगळे सारख्या अंतरावर.

नितीन घरी येईपर्यंत विचार करत होता. धार असलेली वस्तू एकसारखी ओढली तर ठिपके पडत नाहीत. हात थरथरत असेल तर पडतील. पण घाबरलेल्या माणसाची किंवा दारू प्यायलेल्याची थरथर कमीजास्त होते. सारख्या अंतरावर ठिपके पाडणारी थरथर यंत्रातून हातात उतरलेली असते. दिवसभर हादरणारं स्टिअरिंग धरलेला हात, उतरल्यावरही काही वेळ तसाच हादरत राहतो. याच्यावर त्याने मागे काहीतरी वाचलंही होतं.

ट्रॅक्टर.

रेल्वे फाटकापाशी मोटरसायकल थांबवून तो तसाच बसून राहिला. फाटक उघडलं, मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, तरी त्याला कळलं नाही. गाडीची सवय कुणाला माहीत? गाडी घरीच असते हे कुणाला ठाऊक? आदल्याच दिवशी "बघतो" म्हणून कुणाला वाटेला लावलं होतं? उंचीही जुळत होती. गोरक्ष उभा राहून हात खाली सोडेल तर मूठ बरोबर तिथेच येईल.

त्याला आनंद झाला नाही. पण खोटं कशाला बोला, थोडा झालाही. गणित सुटल्यावर होतो तेवढा.

घरात फक्त बनाबाईला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. म्हातारी उगाच जिवाला लावून घेईल, असं रंगनाथ म्हणाले. ती रोज संध्याकाळी आत्याच्या फोनवरून बोलायची, आणि एरवी कधी न विचारणारी बाई रोज विचारायची, "गाडी बरी हाय ना?" आणि कशाला तरी हसायची. बिचारीला काही माहीत नाही, असं म्हणून तो "बरी आहे" असं उत्तर द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. नितीन कोरे कागद आणि पेन घेऊन गोरक्षच्या बागेत गेला. गोरक्ष नुकताच ट्रॅक्टरवरून उतरून पेरूच्या क्रेटपाशी उभा होता. म्हणजे वेळही अचूक साधली होती. नितीन म्हणाला, एक छोटा प्रयोग आहे, या कागदावर जरा सरळ रेघ ओढ. कागद त्याने मुद्दाम ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, गाडीच्या दाराएवढ्या उंचीवर धरला. गोरक्षला प्रयोगांची सवय होती. नववीत नितीनने त्याच्याकडून लिंबात वायरी खुपसून घेतल्या होत्या. त्याने हात पँटला पुसले आणि रेघ ओढली. नितीनने खिशातून भिंग काढलं.

"काय निघालं?" गोरक्षने विचारलं.

"थरथर आहे."

"असंलच की. सकाळधरनं ट्रॅक्टरवर हाय. काय आजार निघतो का त्यातनं?"

इथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या नितीनने आखल्या होत्या, पण पुढे समोर गोरक्ष असणार आहे हे त्याच्या हिशेबातून सुटलं होतं. गोरक्षने कागदाकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं, मग नितीनच्या तोंडाकडे. ग्रुपवरचा फोटो त्यानेही पाहिला होता.

"नित्या, ही गाडीची रेघ का?"

"मी सगळ्यांचीच घेणार आहे."

"आजून कुणाची घेतलीस?"

नितीनने भिंग खिशात टाकलं. गोरक्षने एक पेरू उचलला, फिरवून पाहिला, आणि क्रेटमध्ये परत ठेवला.

"दादांच्या मनात आलं असतं तर मी समजलो असतो. त्यांनी ते दिस काढलेत. तू माझ्या ताटात जेवलायस नित्या." त्याने क्रेट पायाने बाजूला सरकवलं. "मला रेघ ओढायचीच असती, तर दिवसाढवळ्या ओढली असती. तुला हाक मारून."

नितीन म्हणाला, तसं नाही, पुरावा बघावा लागतो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना किती वाईट दिसतं, ते त्याला तेव्हाच दिसलं.

"रेश्माला आमी लावून देऊ ट्रॅक्टरमधनं. तू गाडी झाकून ठेव. लग्नाला यायचं का न्हाई ते बघ तू. तुला बघायची सवयच हाय."

नितीन कागद घेऊन परत आला. रस्त्यात तो स्वतःला समजावत होता की खरा गुन्हेगार नेहमी आधी चिडतो. पण हे नेमकं कुठे वाचलं ते आठवेना, आणि त्याचं मन ते मानायलाही तयार नव्हतं. लहानपणी तापाने फणफणला असताना गोरक्षने सायकलवरून त्याला दवाखान्यात नेलं होतं, ते मात्र त्याला विनासंदर्भ आठवत राहिलं.

संध्याकाळी रंगनाथांनी पिठलं-भाकरी केली. दोघे समोरासमोर बसले. नितीनचं जेवणात लक्ष नव्हतं, पण घरात ताटात काही टाकायचं नाही ही बनाबाईची शिकवण अंगात मुरलेली, त्यामुळे त्याने भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पिठलं पुसून घेतलं. स्टीलच्या ताटाच्या काठाखाली पिवळ्या पिठल्यातून एक रेघ वर आली. रेघेखाली अक्षरं लटकत होती. "बनाबाई."

ते नाव तो जन्मापासून बघत होता. घरातल्या प्रत्येक ताटावर, तांब्यावर, पातेल्यावर ते होतं. गावात लग्नकार्याला भांडी एकमेकांची नेतात, आणि येताना बदलतात. म्हणून नवीन भांडं आलं की बनाबाई आधी त्यावर नाव घालून घ्यायची, आणि मगच ते चुलीवर चढायचं. तिला वाचता येत नव्हतं. आपलं नाव ती चित्रासारखं ओळखायची. पहिली कळशी तिने खुरपणीच्या पैशांतून घेतली होती. त्याआधी मळ्यात पाणी मिळायचं ते वरून ओतून, ओंजळीत. त्या कळशीवर नाव घातलं त्या दिवशी, ती सांगायची, कळशी मी डोक्यावर नाव पुढं करून आणली.

नितीनने ताट उचलून डोळ्यांजवळ नेलं. रंगनाथांना वाटलं, पोरगं ताट चाटतंय.

ती रेघ ठिपक्यांची होती. बारीक, गोल, एकमेकांना चिकटून बसलेले ठिपके, सारख्या अंतरावर.

तो उठला, उष्ट्या हाताने भिंग आणलं. तांब्या पाहिला. पातेलं पाहिलं. डबे पाहिले. मग फेव्हिकॉलचा ठसा ताटाच्या शेजारी धरला. इतके दिवस तो ज्या नमुन्याच्या शोधात होता, त्यावर तो रोज दोन वेळा जेवत होता.

भांड्यांवर नावं घालणारा सहादेव दर आठवडी बाजाराला गावात यायचा, दारोदार फिरायचा. त्याच्याकडे विजेवर चालणारं एक लहान यंत्र होतं, टर्रर्र आवाज करत ठिपके पाडणारं. तो आधी एक लांब रेघ ओढायचा आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिच्यावर अक्षरं टांगायचा. हे नितीनने लहानपणी उंबऱ्यावर बसून कितीतरी वेळा पाहिलं होतं. आणि गाडीला रेघ पडली तो दिवस बाजाराचा होता.

त्याने आत्याला फोन लावला आणि आजीला द्यायला सांगितलं.

"आजी, गाडीवर सहादेवकडून काही करून घेतलंस का?"

"सांगितलं का त्यानं? मला म्हणला, बोलनार न्हाई." बनाबाई हसायला लागली. "आरं, रेघ झाली आन लाइट गेली. वाट बघितली लई. मग जावई आले. सहादेव म्हणला, मी पुढच्या बाजारी येतो, तवा पुरं करू. मी खोळ घातली नीट. धूळ न्हाई ना बसली?"

"पण नाव कशाला घालायचं, आजी? गाडीवर?"

"कशाला म्हंजे? गाडी चालली रेश्माच्या लग्नाला. दुसऱ्याच्या लग्नात आपलं भांडं गेलं तर नाव नगं का त्याच्यावर? तिथं दहा गाड्या असत्यात. बदलली म्हंजे?"

नितीनला नंबरप्लेट आठवली, चावी आठवली, आणखी पाच-सहा मुद्दे आठवले. त्याने त्यातला एकही मांडला नाही. त्याने वेगळंच विचारलं. "तुला कुणी सांगितलं गाडी लग्नाला जाणार म्हणून?"

"तूच न्हाई का म्हणला, बघतो म्हणून? मी भाजी निवडत हुते की." तिकडून बनाबाईचा आवाज अगदी सहज आला. "तू देनारच. शेजारच्या पोरीचं लगीन, त्यात काय इचारायचं."

नितीनने फोन ठेवला. रंगनाथांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून अंगणात गेले आणि गाडीची खोळ वर करून ती रेघ त्यांनी पुन्हा एकदा पाहिली. परत येऊन म्हणाले, "मी बी उगंच लोकांवर संशय घेतला." थोड्या वेळाने म्हणाले, "आता माझा ठसा गेला वाया," आणि हसू दाबायला पाणी प्यायले.

नितीन तसाच निघाला. बरोबर ताट घेतलं, फेव्हिकॉलचा ठसा घेतला, भिंग घेतलं. माफी मागायला जाताना माणूस एवढं सामान नेत नाही, हे त्याला गोरक्षच्या दारात पोचल्यावर सुचलं. मांडव घालायचं काम चाललं होतं. गोरक्ष शिडीवर होता. तो खाली उतरला नाही. नितीनने मान वर करून, ताट हातात धरून, सगळं सांगितलं. सांगताना सवयीने त्याने आधी पद्धत सांगितली, मग निरीक्षणं, आणि निष्कर्ष शेवटी, त्यामुळे मांडववाल्यांनीही हात थांबवले. ठिपक्यांपर्यंत आल्यावर एकाने ताट बघायला मागितलं.

गोरक्ष शिडीवरून म्हणाला, "म्हंजे रेघ आजीनं ओढली. गाडी आमच्या लग्नाला येनार म्हणून."

"हो."

"आजीला वाटलं तू देशील."

"हो."

"आन तुला काय वाटलं हुतं?"

नितीनला बरीच उत्तरं सुचली. त्यातलं खरं एवढंच होतं. "मला वाटलं, चिकटपट्टीचा डाग पडेल."

गोरक्ष खाली उतरला. त्याने ताट घेतलं, उगाच उलटसुलट केलं.

"गाडी आन मग," तो म्हणाला. "पण आशी न्हाई. नाव पुरं करून आन. तू ग्रुपवर फोटो टाकलास लाल गोल काढून. आता ती रेघ घेऊन गाडी आमच्या मांडवात आली, तर लोक म्हणतील कुनी ओरखाडली, आन समद्यात आधी माझ्याकडं बघतील. तुझ्यासारखं."

श्रीरामपूरचा रंगारी त्या क्षणी नितीनच्या डोक्यातून कायमचा गेला.

पुढच्या बाजाराला बनाबाई मुद्दाम खर्ड्याहून परत आली. सहादेवने खिडकीतून वायर घेतली, स्टूल टाकलं, आणि खोळ बाजूला करून कामाला बसला. शेजारपाजारचे जमले. यंत्राचा पहिला टर्रर्र आवाज झाला तेव्हा नितीनने डोळे मिटले. उघडले तेव्हा रेघेखाली "आयु.", म्हणजे आयुष्मान, टांगलेलं होतं. मग "नितीन" आलं, मग "रंगनाथ", मग "पगारे". पुढच्या दाराची जागा संपली. सहादेवने स्टूल सरकवलं आणि मागच्या दारावर सुरू केलं: "बी.एस्सी., एम.एस्सी."

"हे कशाला?" नितीनने विचारलं.

"आजींनी सांगितलंय," सहादेव मान वर न करता म्हणाला.

तर रेघ दोन दारं लांब होती ती त्याच्या पदव्यांमुळे. त्या लांबीवर नितीनने कागदाची दोन पानं खर्च करून गुन्हेगाराच्या रागाची तीव्रता काढली होती.

सहादेवने यंत्र बंद केलं. रेघ संपायला अजून वीतभर जागा मोकळी होती. नितीनने ती बोटाने दाखवली. बनाबाई म्हणाली, ती राहू दे, ती मुद्दाम ठेवायला सांगितलीय, सुनंचं नाव यायचंय. जमलेल्या बायका हसल्या. नितीनने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कृत्य करणारी व्यक्ती पुढे आली आहे. गोरक्षची जाहीर माफी." या वेळी उत्तरं बरीच आली.

रविवारी रेश्मा त्या मागच्या दारातून गाडीत बसली. तिने चपला काढल्या नाहीत आणि नितीनने त्याकडे पाहिलं नाही. बनाबाई तिच्या शेजारी बसली, पाय खाली सोडून. बॉनेटवर झेंडू आणि निशिगंध होता, चिकटपट्टीने लावलेला, सगळे लावतात तसा. गोरक्ष पुढे नितीनशेजारी बसला, आणि पूर्ण रस्ता त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिला. बाभळीचा विषय त्याने एकदाच काढला, रेश्माला हसवायला, कारण ती रडत होती.

मुलाच्या गावी गाडी थांबली तेव्हा पागोटं घातलेले एक म्हातारे दारापाशी आले. त्यांनी बोट अक्षरांवरून फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. नखाने घासलं जातंय हे नितीनला दिसत होतं. मोकळ्या जागेपाशी बोट थांबलं. म्हाताऱ्यांनी विचारलं, पुढची रेघ रिकामी का?

"तो निकाल राखून ठेवलाय," गोरक्ष म्हणाला.

घरी आल्यावर नितीनने फुलं काढली. चिकटपट्टी सोलली. बॉनेटवर डिंकाचे आडवे डाग पडले होते, उन्हाने रंगाला धरलेले, अगदी त्याने सांगितले होते तसे. या सगळ्या प्रकरणात त्याचा एवढा एकच अंदाज बरोबर निघाला होता, आणि तो त्याला आजपर्यंत कुणालाही सांगता आलेला नाही.